आकाशमार्गाची राखण

(आपल्या मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात नाशिक येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणीसांनी भाषणाचे निमंत्रण दिले तेव्हा विषय कोणता घ्यावा, असा आम्हांस प्रश्न पडला. या व्यासपीठावरून आजवर शिक्षण, व्यवसाय, विवाहातील वाढता खर्च अशा विषयांवर अधिकारी वक्त्यांनी विचार मांडले आहेत. आमची सारी नोकरी विमान-वाहतूक नियंत्रणाच्या कामात गेली. तो विषय येथे अप्रस्तुत ठरेल, अशी शंका मनात होती. ती शंका आमच्या एका वृद्ध मावशींनी दूर केली. एका लग्नघरी त्या आम्हांस म्हणाल्या, ''अरे, माझा नातू वर्षाकाठी दोनदा परदेशाहून विमानाने येतो. रस्त्यावर पोलीस असतो, आगगाडीला सिग्नल असतो. वर आभाळात कोण असते रे?''

मावशींचा हा प्रश्न आज आपल्या घरोघरचा आहे. एके काळी आपल्या समाजात विमानात बसलेला मनुष्य बोटावर मोजण्याइतका असे. १९६४ साली ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिला आणि नाशिककरांस विमानाचा आवाज परिचयाचा झाला. तेथे प्रथम मिग विमाने तयार झाली, पुढे सुखोई झाली. आता त्याच ओझरच्या धावपट्टीवरून आपली मुले-बाळे उतारू म्हणून प्रवास करीत आहेत. म्हणून आभाळात कोण असते आणि त्याच्या हातून चूक होते ती कशी होते, हे आपण सर्वांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

मावशींस आम्ही तेव्हा जे उत्तर दिले तेच येथे देतो. वर आभाळात एक मनुष्य नसतो. अनेक माणसे खाली बसून एका विमानाचा हात धरीत असतात. धावपट्टीकडे जाण्याची वाट एकजण सांगतो. उड्डाणाची अनुज्ञा टॉवरमधला दुसरा देतो. विमान वर चढू लागले की ते तिसऱ्याच्या ताब्यात जाते आणि उंचावरील मार्गाला लागले की क्षेत्र-नियंत्रणातल्या चौथ्याच्या. लांबच्या प्रवासात असे हात अनेकदा बदलतात. लहान मूल जत्रेत काकाच्या हातून मामाच्या हाती द्यावे, त्यातलाच हा प्रकार. मूल हरवते ते बहुधा काकाजवळ हरवत नाही, मामाजवळही हरवत नाही. ''मला वाटले, ते तुमच्याकडे आहे,'' या वाक्यात ते हरवते.

आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबांतील वडील मंडळी रेल्वेच्या नोकरीत होती. एकेरी लोहमार्गावर स्टेशनमास्तर चालकाच्या हाती टोकन देत असे, ते त्यांस आठवत असेल. टोकन हाती नाही तोवर गाडी हलावयाची नाही आणि एका टप्प्यासाठी एका वेळी एकच टोकन बाहेर निघावयाचे, असा तो नियम. विमानांच्या बाबतीत असे हातात धरता येईल असे टोकन नाही. तेथे शब्द हेच टोकन. म्हणूनच नियंत्रकाने दिलेला प्रत्येक महत्त्वाचा आदेश वैमानिकाने परत म्हणून दाखवावा आणि नियंत्रकाने तो लक्षपूर्वक ऐकून पडताळावा, असा दंडक आहे. समोरासमोर येणारी दोन जेट विमाने ताशी नऊ-नऊशे किलोमीटर वेगाने येत असतील तर त्यांच्यामधले अंतर मिनिटाला तीस किलोमीटरने तुटते. म्हणजे नाशिकहून सिन्नरपर्यंतचे अंतर एका मिनिटात संपते. अशा ठिकाणी शब्द चुकला तर दुरुस्तीस फारशी सवड राहत नाही.

आता काही घडलेल्या गोष्टी पाहू. पहिली आपल्या शेजारची आहे. नाशिकहून सिन्नर, संगमनेर मागे टाकून दक्षिणेस गेले की जुन्नरचा डोंगराळ मुलूख लागतो. १९६२ सालच्या ७ जुलै रोजी, ऐन पावसाळ्यातील रात्री, सिडनीहून रोमकडे जाणारे अलितालिया कंपनीचे विमान मुंबईस उतरण्यासाठी येत असताना तेथील दवंड्याच्या डोंगरावर आदळले. विमानातील ९४ माणसांपैकी एकही वाचले नाही. आपण मुंबईच्या प्रत्यक्षाहून अधिक जवळ पोचलो आहोत, अशी वैमानिकाची समजूत झाली होती. त्या समजुतीने तो वेळेपूर्वीच खाली उतरू लागला आणि सुरक्षित उंचीच्या मर्यादेखाली आला. आपले नेमके स्थान ताडून पाहण्याची साधने हाती असूनही त्याने ती वापरली नाहीत, असा ठपका चौकशीत आला. विमान मुंबईशी बोलत होते आणि मुंबई विमानाशी बोलत होती. तथापि विमान कोठे आहे, याविषयीची चुकीची समजूत त्या बोलण्यातून दूर झाली नाही.

चार वर्षांनी घडलेली दुसरी घटना अखिल भारताच्या जिव्हारी लागली. १९६६ सालच्या २४ जानेवारीस एअर इंडियाचे 'कांचनजंगा' हे विमान आल्प्स पर्वतातील माँ ब्लाँ शिखरापाशी कोसळले. ११७ माणसे दगावली आणि त्यांत आपले थोर शास्त्रज्ञ डॉ. होमी भाभा होते. त्या विमानातील दिशादर्शक यंत्रांपैकी एक बंद होते. वैमानिकाने स्वतःच्या अंदाजाने आपले स्थान कळविले. ते चुकीचे होते. जिनिव्हाच्या रडार-नियंत्रकाने ती चूक ओळखली. शिखर विमानाच्या पुढे आहे हे त्यास दिसत होते आणि वैमानिकास उमगेल अशा समजुतीने त्याने तसे कळविलेही. परंतु शब्द पुरेसे नेमके नव्हते. वैमानिकाने त्यांचा अर्थ आपण शिखर ओलांडले, असा घेतला आणि विमान खाली आणण्याचे चालू ठेवले. बंधुभगिनींनो, येथे नियंत्रक निष्काळजी नव्हता. त्याने चूक पाहिली आणि ती सांगितलीही. सांगितलेले समोरच्याच्या मनात कसे उतरले, एवढेच पाहावयाचे राहिले.

पुढे १९७७ साली कॅनरी बेटांतील तेनेरीफ येथे धुक्यात दोन प्रचंड विमाने एकाच धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे गेली. 'उड्डाण' हा शब्द तेव्हा पुढील मार्ग सांगतानाही वापरला जाई आणि प्रत्यक्ष उड्डाणाची अनुज्ञा देतानाही. त्या अपघातानंतर जगभर असा पायंडा पडला की, 'टेक-ऑफ' हा शब्द ती अनुज्ञा देताना किंवा दिलेली अनुज्ञा रद्द करतानाच उच्चारावयाचा. एरव्ही 'डिपार्चर' म्हणावयाचे. एका शब्दाला असे सोवळ्यात ठेवावे लागले.

आपल्या देशातील सर्वांत भीषण धडा १९९६ सालच्या १२ नोव्हेंबरचा. हरियाणातील चरखी दादरी गावाच्या आकाशात दिल्लीहून निघालेले सौदी विमान आणि दिल्लीस येणारे कझाक विमान एकमेकांवर आदळले. ३४९ माणसे मृत्युमुखी पडली. कझाक विमान नेमून दिलेल्या उंचीच्या खाली उतरले होते. त्या विमानात नियंत्रकाशी बोलणारा एक आणि विमान चालविणारे दुसरे, अशी व्यवस्था होती. इंग्रजीचे ज्ञानही तोकडे होते. दिल्लीस येण्याजाण्याची आकाशवाट तेव्हा एकच होती आणि तेथील रडारवर विमानाची उंची दिसत नसे. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीनंतर येण्याच्या आणि जाण्याच्या वाटा वेगळ्या झाल्या, तसेच टक्कर टाळणारे यंत्र विमानात असलेच पाहिजे असा नियम झाला.

यंत्रे आली म्हणजे हा प्रश्न सुटला, असे मात्र कोणी समजू नये. २००२ सालच्या १ जुलैच्या रात्री जर्मनीतील उबरलिंगन गावावर दोन विमानांची टक्कर होऊन ७१ जीव गेले. त्यांत शाळकरी मुलांचाच भरणा अधिक होता. त्या रात्री झुरिकच्या नियंत्रण-कक्षात एकच नियंत्रक दोन जागांचे काम पाहत होता. त्याचा सोबती विश्रांतीस गेला होता आणि मुख्य दूरध्वनी दुरुस्तीसाठी बंद होता. विमानातले यंत्र 'वर चढा' सांगत होते, नियंत्रक 'खाली उतरा' म्हणाला, आणि वैमानिकाने माणसाचे ऐकले. समोरचे विमान आपल्या यंत्राचे ऐकून खालीच उतरत होते. पुढे त्या नियंत्रकाचा २००४ साली एका शोकाकुल पित्याने खून केला. २००७ साली न्यायालयाने दोषी ठरविले ते त्या संस्थेच्या चार व्यवस्थापकांना. कक्षात रात्री एकच मनुष्य ठेवण्याची वहिवाट कोणी पडू दिली, हा प्रश्न विचारावयास पाच वर्षे आणि आणखी एक बळी लागला.

आता अगदी अलीकडचे उदाहरण. २०२२ सालच्या ७ जानेवारीस सकाळी बंगळूर विमानतळावर दोन समांतर धावपट्ट्यांवरून इंडिगो कंपनीची दोन विमाने जवळजवळ एकाच वेळी उडाली. एक कोलकात्यास जाणारे, दुसरे भुवनेश्वरास. त्या सकाळी पाळीप्रमुखाने असे ठरविले होते की, दक्षिणेची धावपट्टी बंद ठेवून येणे-जाणे दोन्ही उत्तरेच्या धावपट्टीवरून करावे. निर्णयात गैर काही नव्हते. परंतु तो दक्षिणेच्या टॉवरमधील नियंत्रकास कळविला गेला नाही. त्याने आपल्या धावपट्टीवरून अनुज्ञा दिली, उत्तरेच्या नियंत्रकाने आपल्या धावपट्टीवरून दिली, आणि दोन्ही विमाने हवेत एकमेकांच्या दिशेने वळू लागली. चारशेहून अधिक माणसे त्यांत होती. रडारवर बसलेल्या तिसऱ्या नियंत्रकाच्या नजरेस ही गोष्ट पडली, त्याने तत्काळ दोघांस वेगवेगळ्या दिशा दिल्या आणि अनर्थ टळला. ही घटना त्या वेळी कोणत्याही नोंदवहीत चढली नव्हती, असे वृत्तही पुढे प्रसिद्ध झाले.

आमच्या मते या घटनेतील खरे भय या शेवटच्या वाक्यात आहे. हे नीट ध्यानी यावे म्हणून अमेरिकेतील एक हकीकत सांगतो. १९७४ सालच्या १ डिसेंबरास वॉशिंग्टनजवळ एक विमान उतरता उतरता डोंगरावर आदळून ९२ माणसे गेली. 'उतरण्यास मोकळीक आहे' या नियंत्रकाच्या शब्दांचा अर्थ वैमानिकाने 'आता खालच्या उंचीवर जाण्यास हरकत नाही' असा केला होता. चौकशीत असे निघाले की, सुमारे सहा आठवड्यांपूर्वी दुसऱ्या एका कंपनीचे विमान याच ठिकाणी, याच गैरसमजामुळे त्याच डोंगरावर आदळता आदळता वाचले होते. त्या कंपनीने आपल्या वैमानिकांस सावध केले. परंतु ती गोष्ट इतरांपर्यंत पोचली नाही. या घटनेतून १९७६ साली तेथे अशी व्यवस्था सुरू झाली की, वैमानिकाने वा नियंत्रकाने आपली चूक एका तटस्थ संस्थेस गुप्तपणे कळवावी, त्याचे नाव उघड होऊ नये आणि ती चूक सर्वांस शिकण्यासाठी खुली व्हावी. आपल्या देशातही नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने स्वेच्छेने माहिती कळविण्याची सोय ठेवली आहे. सोय आहे, ती वापरण्याचे धैर्य मात्र ज्याचे त्याला आणावे लागते.

हे आम्ही परक्यांस उपदेश म्हणून सांगत नाही. आमच्या स्वतःच्या हातून जे घडले ते आजवर घरातही बोललो नव्हतो. ते आज आपल्या माणसांसमोर सांगतो.

सुमारे चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. एका विमानतळावर आमची रात्रपाळी होती. त्या काळी प्रत्येक विमानासाठी कागदाची एक पट्टी असे. तिच्यावर विमानाचे नाव, उंची आणि वेळ लिहून ती समोरच्या फळीवर लावावयाची. जितक्या पट्ट्या तितकी विमाने, असा सरळ हिशेब. पाळी बदलताना आमच्या सहकाऱ्याने फळीवरील पाच पट्ट्या आम्हांस समजावून दिल्या आणि तो घरी जावयास निघाला. सहावी पट्टी फळी आणि टेबल यांच्यामध्ये जी दोन बोटांची फट होती तीत घसरून पडली होती. ते विमान आमच्या लेखी आकाशात नव्हतेच. त्याच उंचीवर आम्ही दुसऱ्या विमानास चढविले. थोड्या वेळाने त्या सहाव्या वैमानिकाचा आवाज कानी आला आणि आमच्या पोटात धस्स झाले. एका विमानास तातडीने वर घेतले. दोन्ही विमाने सुखरूप गेली. मात्र त्यांच्यामध्ये नियमाने हवे होते तितके अंतर उरले नव्हते.

सहकारी जिन्यातून परत आला. घटना नोंदवावी की नाही, यावर आम्ही दोघे बोललो. त्याच्या मुलीचे लग्न ठरले होते. आमची बढती पुढ्यात होती. कोणाचे काही बिघडले नव्हते. आम्ही पट्टी फटीतून काढली, फळीवर लावली आणि गप्प राहिलो.

दीड महिन्याने त्याच टेबलावर, त्याच फटीत, दुसऱ्या पाळीतील एका तरुण नियंत्रकाची पट्टी पडली. त्या रात्री दोन्ही वैमानिकांनी एकमेकांचे दिवे इतक्या जवळून पाहिले की त्यांनी उतरताच तक्रार केली. चौकशी झाली. निष्काळजीपणाचा शेरा त्या तरुणाच्या माथी आला, त्याची बदली झाली आणि वर्षभरात तो नोकरी सोडून गेला. फटीकडे कोणाचे लक्ष गेले नाही, कारण ती फट ठाऊक असलेली आम्ही दोनच माणसे होतो आणि आम्ही तेव्हाही बोललो नाही. ती बुजविणे हे सुताराचे अर्ध्या तासाचे काम होते. त्या तरुणाच्या आईने ती बदलीची वार्ता कशी ऐकली असेल, हा विचार आमच्या मनातून अद्याप गेलेला नाही.

म्हणून २०२४ सालच्या ८ जूनची बातमी वाचली तेव्हा आम्ही अस्वस्थ झालो. त्या दिवशी मुंबईत एअर इंडियाचे विमान धावपट्टीवरून उडत असतानाच त्याच धावपट्टीवर इंदूरहून आलेले इंडिगोचे विमान मागून उतरले. संबंधित नियंत्रकास चौकशीसाठी कामावरून दूर करण्यात आले. तसे करणे योग्यच होते. परंतु आमच्या परिचयातील पुष्कळांनी बातमीतील तेवढेच वाक्य वाचले आणि ''सापडला एकदाचा,'' म्हणून वर्तमानपत्र मिटले. अपराधी हुडकला की आपले समाधान होते. त्याच्या टेबलामागे कोणती फट होती, हे कोणी विचारीत नाही. आणि हे पाहून दुसरा नियंत्रक उद्या आपली चूक झाकण्यास शिकतो.

जाणूनबुजून नियम मोडणाऱ्यास, दारू पिऊन कामावर येणाऱ्यास शासन झालेच पाहिजे. त्याविषयी दुमत नाही. परंतु प्रामाणिक माणसाच्या हातून झालेली आणि त्याने स्वतः होऊन सांगितलेली चूक ही निराळी वस्तू आहे. ती त्याने समाजास दिलेली ठेव समजली पाहिजे. अशा ठेवी जेथे जमा होतात तेथील आकाश सुरक्षित राहते.

ही गोष्ट केवळ विमानतळापुरती नाही, हे सांगण्यासाठीच आम्ही हा विषय या व्यासपीठावर आणला. आपल्यातील कोणी रुग्णालयात परिचारिका आहे, कोणी कारखान्यात पर्यवेक्षक, कोणी औषधांच्या दुकानात. पाळी बदलताना एका हातून दुसऱ्या हाती काम जाते ते सर्वत्र सारखेच जाते. ज्याने सांगितले त्याने ''कळले ना?'' एवढे विचारून थांबू नये. समोरच्याकडून ते परत म्हणवून घ्यावे. आणि घरी मुलगा वा मुलगी ''माझे चुकले,'' असे म्हणत समोर आली तर त्या क्षणी वडीलधाऱ्यांनी हात उगारू नये. ज्या घरात चूक सांगणाऱ्यास मार मिळतो, त्या घरातील मूल मोठेपणी आमच्यासारखे गप्प राहते.

शेवटी आपल्या तरुण-तरुणींसाठी दोन शब्द. भौतिकशास्त्र व गणित घेऊन विज्ञानाचे पदवीधर झालेल्यांस, तसेच अभियंत्यांस, भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या परीक्षेद्वारे नियंत्रकाच्या कामात प्रवेश मिळतो. प्रयागराज येथे १९४८ पासून चालत असलेले नागरी विमान वाहतूक प्रशिक्षण महाविद्यालय या विद्येचे मोठे केंद्र आहे. इंग्रजी स्वच्छ बोलता यावे, प्रकृती निकोप असावी आणि रात्री जागण्याची तयारी असावी. मुलींनी या क्षेत्रात उत्तम नाव मिळविले आहे. मंडळाच्या शिक्षण-समितीने या परीक्षेची माहिती दरवर्षी आपल्या विद्यार्थ्यांपर्यंत पोचवावी, अशी आमची नम्र सूचना आहे.

ज्यांना या कामात जावयाचे असेल त्यांनी आमच्या अनुभवातील एवढीच गोष्ट बरोबर न्यावी. आपल्या टेबलामागची फट दिसली, तर ती त्याच रात्री नोंदवहीत लिहावी. बढती पुढ्यात असली तरी लिहावी, मित्राच्या घरी कार्य असले तरी लिहावी.

मावशींस आता आमचे पुरे उत्तर मिळाले असेल. आभाळात माणसेच असतात, मावशी, तुमच्या-आमच्यासारखी चुकणारी. ती चूक सांगणारी असावीत, इतकी प्रार्थना गोदामाईच्या काठी करून आम्ही आपली रजा घेतो.